हायड्रोपोनिक्स की ॲक्वापोनिक्स? पुण्यात घरी भाजी पिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गच्चीवर, बाल्कनीत किंवा बंगल्याच्या मागच्या अंगणात मातीशिवाय भाजी लावायचं मनात आलं की पहिला प्रश्न हाच येतो. इथली उत्तरं पुण्याचं पाणी, ऊन, थंडी आणि सोसायट्या डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. माझं मत आधीच सांगते. या निवडीत भाजीपेक्षा माशांचा विचार आधी करावा. मासे पाळण्याची मनापासून हौस असेल तर ॲक्वापोनिक्स, आणि नुसती भाजी हवी असेल तर हायड्रोपोनिक्स.

दोन्हींत नेमका फरक काय?

हायड्रोपोनिक्समध्ये झाडाला लागणारी सगळी अन्नद्रव्यं आपण पाण्यात विरघळवून देतो. मुळं त्या पाण्यात किंवा कोकोपीटसारख्या माध्यमात वाढतात.

ॲक्वापोनिक्समध्ये खत माशांकडून येतं. मासे खाद्य खातात आणि कल्ल्यांवाटे व विष्ठेतून अमोनिया बाहेर टाकतात. एका प्रकारचे जिवाणू त्या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट झाडं शोषून घेतात आणि पाणी पुन्हा माशांच्या टाकीत जातं. म्हणजे मासे, जिवाणू आणि झाडं अशा तीन सजीवांचा एकाच पाण्यात सांभाळ करायचा असतो. त्यांच्या गरजा पूर्ण जुळत नाहीत. झाडांना ५.५ ते ६.५ पीएच मानवतो, नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना ७ च्या वरचा. म्हणून ॲक्वापोनिक्समध्ये ६.८ ते ७.२ अशी तडजोड करावी लागते. पुढच्या बऱ्याच अडचणी या तडजोडीतूनच निघतात.

गावाकडे मक्याचा हिरवा चारा ट्रेमध्ये करतात, तेच हायड्रोपोनिक्स का?

नाव तेच, काम वेगळं. चाऱ्यात दाण्यातल्या साठ्यावरच आठवड्याभरात कोंब वाढतात, खत जवळजवळ लागत नाही. भाजीला महिना-दीड महिना अन्न पुरवावं लागतं.

अगदी नवख्या माणसानं सुरुवात कशी करावी?

पंप नसलेल्या बादलीनं. हवाई विद्यापीठातल्या क्रॅट्की यांच्या नावानं ही पद्धत ओळखली जाते. झाकणाच्या बादलीत खताचं पाणी भरायचं, झाकणाला भोकं पाडून जाळीचे छोटे कप बसवायचे आणि त्यात रोपं ठेवायची. सुरुवातीला पाणी कपाच्या तळाला टेकेल इतकं ठेवायचं. रोप पाणी पितं तशी पातळी खाली जाते आणि मधल्या मोकळ्या जागेतली मुळं हवा घेऊ लागतात. इथे लोकांचा हात आवरत नाही. पातळी उतरलेली दिसली की ते बादली पुन्हा काठोकाठ भरतात, मग हवा घेणारी मुळं बुडतात आणि झाड मलूल होतं. पाणी वाढवायचंच असेल तर तळाशी थोडंसं वाढवा, वरची मुळं कोरडी राहू द्या.

लेट्युसच्या एका गड्ड्याला पूर्ण वाढेपर्यंत साधारण ३ ते ४ लिटर पाणी लागतं, पुण्याच्या कोरड्या उन्हात त्याहून जास्त. २० लिटरच्या बादलीत ३ गड्डे आरामात होतात. बादली आतून अंधारी हवी. उजेड शिरला की शेवाळं धरतं, म्हणून पांढऱ्या बादलीला बाहेरून आधी काळा आणि त्यावर पांढरा रंग द्या. नुसती काळी बादली उन्हात तापते.

एक पीक निघालं, पानं खाल्ली, मुळं कशी दिसतात ते कळलं, की पाइपांमधून पाणी फिरवणाऱ्या रचनेचा किंवा माशांचा विचार करा.

गच्चीवर माशांची टाकी ठेवली तर स्लॅबला धोका आहे का?

या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत टाकी विकत घेऊ नका.

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. लोकांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो, इतका वापराचा भार धरलेला असतो. म्हणजे गच्चीभर १५ सेंटिमीटर पाणी उभं राहिलं तरी तो हिशेब संपतो. आता २०० लिटरचा निळा ड्रम घ्या. तो पाव चौरस मीटरच्या आसपास जागेवर उभा राहतो, म्हणजे तेवढ्याच ठिकाणी दर चौरस मीटरला ७०० किलोंच्या वर भार पडतो. स्लॅब भार आजूबाजूला वाटून घेतो हे खरं, पण किती आणि कुठे हे इमारतीचे आरसीसी कन्सल्टंटच सांगू शकतात. टाकी खांबांच्या आणि तुळयांच्या वर, भिंतीलगत ठेवायची असते. स्लॅबच्या मध्यावर कधीच नाही.

ॲक्वापोनिक्समध्ये झाडं लावायला करतात तो खडी भरलेला वाफा आणखी जड. एक घनमीटर खडीचं वजन दीड टनाच्या पुढे जातं, त्यामुळे ३० सेंटिमीटर खोलीचा वाफा पाण्यासकट दर चौरस मीटरला अर्ध्या टनाच्या वर जातो. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि लोड बेअरिंग इमारतींत हा विचारही करू नये. सोसायटीची लेखी परवानगी घ्या. वॉटरप्रूफिंग गेलं तर खालच्या मजल्यावरच्या माणसाचं छत गळतं, आणि त्याची तक्रार रास्त असते.

हायड्रोपोनिक्सच्या पाइपांत पाण्याचा थर जेमतेम असतो. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मी तिकडे वळवते त्याचं मोठं कारण हेच.

एका कुटुंबापुरत्या पालेभाजीला किती मासे लागतील?

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शनानुसार एक चौरस मीटर पालेभाजीसाठी रोज ४० ते ५० ग्रॅम मत्स्यखाद्य टाकीत पडावं लागतं. वाढते मासे रोज आपल्या वजनाच्या एक-दोन टक्के खातात, म्हणजे अडीच ते पाच किलो मासे हवेत. घरगुती टाकीत १,००० लिटरला २० किलोंपेक्षा जास्त मासे ठेवू नयेत. तेव्हा एका चौरस मीटरसाठी निदान २०० ते ३०० लिटरची टाकी आली. त्या जागेत २० ते २५ लेट्युस बसतात.

शोभेच्या छोट्या काचेच्या टाकीवर पुदिन्याच्या दोन काड्या छान फुटतात. त्यावर घराची भाजी होईल असं मात्र कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

पाणी कोणतं वापरू? नळाचं, बोअरचं, टँकरचं की आरओचं?

महापालिकेचं, खडकवासला साखळीतल्या धरणांमधून येणारं पाणी दोन्हींसाठी चांगलं. ते तुलनेनं मऊ असतं. त्यात क्लोरिन असतं, तेव्हा पसरट भांड्यात उघड्यावर २४ तास ठेवा किंवा एअर स्टोन लावून रात्रभर बुडबुडे सोडा. झाडांना एवढं क्लोरिन सहसा त्रास देत नाही, पण मासे आणि जिवाणू मरतात.

बाणेर, वाघोली, उंड्रीसारख्या भागांत अनेक सोसायट्यांचं पाणी टँकर आणि बोअरचं, बरेचदा मिसळलेलं असतं. ते किती जड आहे हे दर फेरीला बदलू शकतं. टीडीएस पेननं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या छोट्या यंत्रानं, आधी नुसतं पाणी मोजा. पाण्यातच ५०० निघत असतील आणि लेट्युसला एकूण ६०० ते ८०० च्या आसपास ठेवायचे असतील, तर खताला जागाच उरत नाही. अशा वेळी पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं शुद्ध पाणी मिसळा. आरओमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी वाया जातंय म्हणून इथे वापरू नका, सगळे क्षार त्यातच असतात.

बोअरच्या पाण्याचा पीएच बहुधा ७.५ च्या वर असतो आणि माशांच्या बाबतीत ते जास्त गंभीर आहे. २५ अंशांना पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का भाग विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच भाग ५ टक्क्यांवर जातो. मोजणी तेवढीच दिसते आणि विष दहापट होतं.

एप्रिल-मेचं ऊन आणि डिसेंबर-जानेवारीची थंडी झेपेल का?

उन्हाळ्यात गच्चीवरचं पाणी सहज ३५ अंशांच्या वर जातं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. म्हणजे गरज वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. मुळं तपकिरी, बुळबुळीत होऊन कुजतात. लेट्युस कडू होतं आणि मधून दांडा काढून फुलावर येतं. ५० टक्क्यांचं शेडनेट, थर्मोकोलच्या पेट्या आणि टाकीभोवती ओलं गोणपाट हे तिन्ही उपाय पुण्यात चांगले चालतात, कारण आपला उन्हाळा कोरडा आहे आणि गोणपाटातलं पाणी भराभर उडून गारवा देतं. कोकणात याचा इतका उपयोग होत नाही. तरीही मार्चनंतर लेट्युसचा हट्ट सोडावा आणि तांदुळजा, मायाळू, बेसिल, पुदिना लावावा.

थंडी हायड्रोपोनिक्सला वरदान आहे. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत पालक, लेट्युस, पाक चोय असे काही जोमात येतात की शेजाऱ्यांना वाटावे लागतात. ॲक्वापोनिक्सचं मात्र याच काळात अडतं. रात्रीचा पारा १० च्या खाली गेला की उघड्यावरच्या छोट्या टाकीतले चिलापीसारखे उष्णप्रिय मासे खाणं बंद करतात, पाणी १०-११ अंशांपर्यंत उतरलं तर मरतात. जिवाणूही मंदावतात. मासे खात नाहीत म्हणून खत नाही, आणि भाजीचा खरा हंगाम तर तोच.

वीज गेली तर?

बादलीला काही होत नाही. पाइपमधून पातळ थरानं पाणी फिरवणाऱ्या रचनेत भर उन्हाळ्यात तासा-दोन तासांत रोपं माना टाकतात. माशांची दाट टाकी असेल तर काही तासांत मासे दगावू शकतात, आणि गेलेला मासा पुन्हा पाणी सोडून ताजा होत नाही.

पुण्यात देखभालीसाठी गुरुवारी वीज आणि पाणी दोन्ही बंद राहण्याची सवय आहे. ॲक्वापोनिक्स करणाऱ्यांनी इन्व्हर्टरवर निदान एअर पंप जोडावा, किंवा बॅटरीवर आपोआप चालू होणारा पंप ठेवावा. क्लोरिन उडालेलं पाणी बुधवारीच साठवून ठेवावं.

बिलाची भीती नको. १८ वॉटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला सुमारे १३ युनिट होतात, ५ वॉटचा एअर पंप साडेतीनच्या आसपास.

कोणते मासे पाळावेत?

पुण्यातल्या घरासाठी माझी पहिली पसंती गोल्डफिश. थंडी सोसतात, भरपूर खातात, भरपूर घाण करतात, आणि इथे तेच तर हवं असतं. कोई सुंदर, पण त्यांना हजार लिटरच्या पुढचं तळं द्या, नाहीतर तो त्या माशावर अन्याय आहे. रोहू, कटला तळ्यातले मासे आहेत, ड्रममध्ये कोंडू नका.

चिलापी, म्हणजे तिलापिया, उजनीच्या पाण्यामुळे आपल्याला चांगला माहीत आहे. तो १९५२ मध्ये बाहेरून भारतात आणला गेला आणि अनेक जलाशयांत पसरून स्थानिक माशांच्या मुळावर आला. त्याच्या संवर्धनाला परवानगी लागते. थाई मांगूरवर तर बंदीच आहे. कोणताही पाळलेला मासा नको झाला म्हणून मुळा-मुठेत, पाषाण तलावात किंवा धरणात सोडू नका. दुकानदाराला परत द्या, ओळखीच्यांना द्या.

खायचे मासे घरी वाढवण्याच्या आशेनं ॲक्वापोनिक्स करू नका. २५० लिटरच्या टाकीतून वर्षाला मिळतील ते काही किलो मासे. तेवढ्यासाठी गणेश पेठेतला बाजार पुरेसा आहे.

आम्ही शाकाहारी आहोत. ॲक्वापोनिक्स चालेल?

शोभेचे मासे पाळून चालेल, मारायची वेळच येत नाही. फक्त बहुतेक मत्स्यखाद्यात मासळीची भुकटी असते हे माहीत असू द्या आणि घरात आधी बोलून घ्या.

टाकी भरली की लगेच मासे सोडता येतात का?

नाही. जिवाणूंची वस्ती तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. या काळात पाण्यात थोडा अमोनिया घालून किंवा अगदी मोजके मासे ठेवून चाचणी संचानं मोजत राहायचं. आधी अमोनिया चढतो आणि उतरतो, मग नायट्राइट चढतं आणि उतरतं. दोन्ही लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली टिकले की मासे वाढवा. चालू टाकीच्या फिल्टरमधला स्पंज कुणाकडून मिळाला तर हा काळ बराच कमी होतो.

सुरुवात फेब्रुवारी-मार्चमध्ये किंवा गणपतीच्या सुमारास करावी. डिसेंबरात सुरू केलेल्या टाक्या रेंगाळतात आणि माणसं कंटाळून सोडून देतात.

हायड्रोपोनिक्सला १९:१९:१९ चालेल का? शेतकऱ्यांच्या दुकानात स्वस्त मिळतं.

एकट्यानं चालत नाही. त्यातल्या नत्राचा मोठा भाग युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरिया फोडून देतात, तुमच्या बादलीत ते काम करणारे फारसे नसतात. शिवाय त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियम नाही.

दोन भागांत येणारं हायड्रोपोनिक्सचं तयार खत घ्या. एका भागात कॅल्शियम नायट्रेट असतं, दुसऱ्यात फॉस्फेट आणि सल्फेट. हे दोन्ही घट्ट रूपात कधीही एकत्र करू नका. कॅल्शियमची फॉस्फेट आणि सल्फेटशी गाठ पडून पांढरा साका तळाशी बसतो आणि तो झाडाच्या उपयोगाचा राहत नाही. पहिला भाग पूर्ण पाण्यात विरघळवा, ढवळा, मग दुसरा घाला. लेट्युसला ०.८ ते १.२ ईसी (खताचं पाणी किती तीव्र आहे हे दाखवणारी विद्युतवाहकता) पुरते. टोमॅटोला फळ धरल्यावर २ च्या वर लागते. कोवळ्या रोपांना निम्म्यानं सुरुवात करा.

ॲक्वापोनिक्समध्ये माशांशिवाय काहीच घालावं लागत नाही ना?

घालावं लागतं, आणि विक्रेते हे सांगत नाहीत. लोह, पोटॅशियम आणि कॅल्शियम कमी पडतं, कारण माशांच्या खाद्यात ते झाडांच्या गरजेइतकं नसतं. नवी पानं शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडू लागली की लोह कमी आहे असं समजा. आपल्याकडे सहज मिळणारं चिलेटेड लोह ईडीटीए प्रकारचं असतं. पीएच ६.५ च्या वर गेला की ते टिकत नाही. ईडीडीएचए मागून घ्या, पाणी लालसर होईल, घाबरू नका. नायट्रेट बनताना पीएच हळूहळू उतरत जातो. तो वर आणण्यासाठी चुन्याची निवळी आणि पोटॅशियम बायकार्बोनेट आलटून पालटून, अगदी थोडं थोडं घातलं तर कॅल्शियम आणि पोटॅशियमही भागतं. लिंबूसत्व घालून पीएच उतरवण्याचा सल्ला इथे लागू नाही, ते जिवाणूंना मारक आहे.

वाफ्यात आपली काळी खडी चालेल?

चालेल. आपल्याकडची खडी बसाल्टची असते आणि चुनखडीसारखी पीएच चढवत नाही. पण बसाल्टच्या पोकळ्यांत कधी कधी पांढरे खडे असतात आणि त्यात कॅल्साइट असू शकतं. मूठभर खडीवर व्हिनेगर टाका. फसफसली तर ती खडी घेऊ नका. खाणीतली भुकटी निघेपर्यंत धुवा, त्याला अर्धा दिवस जातो.

कोणत्या भाज्या लावण्यात अर्थ आहे?

लेट्युस, पाक चोय, बेसिल, सेलरी, पुदिना. हे बाजारात महाग किंवा शिळं मिळतं आणि पाण्यावर सुरेख येतं. पालकही चांगला. मेथी, शेपू, कोथिंबीर येतात, पण मार्केट यार्डात हंगामात गड्डी इतकी स्वस्त असते की एका वेळच्या भाजीसाठी अडवलेली जागा मनाला पटत नाही. टोमॅटो, मिरची, काकडीला थेट ऊन, आधार आणि भरपूर पाणी लागतं. बंद बाल्कनीत वारा नसेल तर टोमॅटोच्या फुलांना सकाळी हलकेच टिचकी मारा, म्हणजे परागकण पडतात. गाजर, मुळा, बटाटा मातीतच लावा.

रोज ४ ते ६ तास ऊन येत नसेल तर दोन्हींपैकी काहीच करू नका, किंवा दिव्यांचा खर्च धरून चला.

मावा आणि पांढरी माशी आली तर काय फवारायचं?

पिवळे चिकट सापळे आधी लावा, पानांची मागची बाजू रोज बघा. हायड्रोपोनिक्समध्ये निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी संध्याकाळी फवारता येतं. ॲक्वापोनिक्समध्ये तेच टाकीत ठिबकलं तर माशांच्या कल्ल्यांना इजा होते. बोर्डो मिश्रण किंवा तांब्याचं कोणतंही बुरशीनाशक तर अजिबात नको, तांबं माशांना फार विषारी आहे. तांब्याचे आणि जस्त चढवलेले नळही त्या रचनेत वापरू नका.

डास होतील का? महापालिकेची नोटीस आली तर?

डेंगीचा डास घरगुती स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो, त्यामुळे ही काळजी खरी आहे. बादलीच्या झाकणाची प्रत्येक फट बंद करा, कपाभोवती स्पंजची कडी बसवा. उघड्या टाकीवर बारीक जाळी हवी. माशांच्या टाकीत अळ्या टिकत नाहीत, पण पंपाची खालची टाकी वेगळी असेल तर तिच्यात दोन-चार गप्पी सोडा.

माशांच्या पाण्यावरची भाजी कच्ची खावी का?

माशांच्या पोटात ई. कोलायसारखे जिवाणू मुळात राहत नाहीत. ते येतात कबुतरांच्या विष्ठेतून, कुत्र्या-मांजरांकडून, आपल्या हातांवरून. पुण्याच्या गच्च्यांवर कबुतरं किती आहेत ते सांगायला नको, तेव्हा वरून जाळी लावाच. पानांना पाणी लागू देऊ नका आणि वाहत्या पाण्याखाली धुऊन खा.

आम्ही दिवाळीत आठवडाभर गावाला जातो. मागे काय होईल?

मोठे, धडधाकट मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. शेजाऱ्यांना खाद्य घालायला सांगाल तर प्रेमानं जास्त घातलं जातं आणि अमोनिया चढतो, म्हणून एकेका दिवसाच्या पुड्या बांधून द्या आणि बाकीचा डबा कपाटात ठेवा. एअर पंप चालू आहे का, एवढं त्यांनी रोज बघावं. बादल्यांना दिवाळीच्या हवेत आठवडा सहज निघतो. मे महिन्यात जाणार असाल तर टोमॅटोच्या मोठ्या झाडाला रोज दोन-तीन लिटर लागतात हे धरून जास्तीची टाकी फ्लोट व्हॉल्व्हनं जोडा आणि तिच्यात साधं पाणी भरा. उन्हात पाणी खतापेक्षा वेगानं संपतं, आणि साधं पाणी येत राहिलं की परत येईपर्यंत ईसी वर जात नाही.